गूळ-दूध घेतलं की जीआय पाइपच्या वेल्डिंगचा धूर बाधत नाही?

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नवा पोरगा आला की सल्ला ठरलेला: "जीआय मारायचाय ना? आधी गुळाचा खडा खा, वरून दूध पी. धूर बाधणार नाही." वर्षानुवर्षं चाललेला हा सल्ला साफ चुकीचा आहे.

गूळ-दूध जातं पोटात, धूर जातो फुप्फुसात. जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंड; या पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, लोखंड वितळायला १५०० च्या आसपास जावं लागतं. म्हणजे पाइप वितळायच्या आधीच जस्ताची वाफ झालेली असते. आर्कभोवती, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ठिणगीभोवती, उडणारा तो पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा धूर तोच. मग संध्याकाळी घरी गेल्यावर तोंडाला धातूची चव, हुडहुडी, ताप, अंगदुखी. एक-दोन दिवसांत सगळं उतरतं आणि श्रेय दुधाला! न पिताही तेवढ्याच वेळात उतरलं असतं.

त्यापेक्षा जोडाच्या दोन्ही बाजूंचा दोन-दोन इंच थर ग्राइंडरने काढा, राखाडी जाऊन लोखंड चकाकेपर्यंत. पाइपच्या आतलं जस्त मात्र तसंच राहतं, म्हणून काम उघड्यावर किंवा धूर ओढणाऱ्या एक्झॉस्टजवळ करा आणि डोकं धुराच्या रेषेबाहेर ठेवा. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे निव्वळ समाधान. हे कण एका मायक्रॉनहून बारीक असतात. बारीक कण गाळणारा एफएफपी२ मास्क घ्या, ग्राइंडरने घासतानाही.

दम लागला किंवा छाती भरून आली, तर घरी झोपून राहू नका. डॉक्टरांना आधी सांगा, "आज जीआय वेल्डिंग केलंय."