‘फुटबॉल घरी येतंय’ ही बढाई नव्हे

इंग्लंडचे चाहते ‘फुटबॉल घरी येतंय’ गाऊ लागले की ‘करंडक आमचाच’ अशी ही मिजास आहे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. ही ओळ ‘थ्री लायन्स’ या १९९६ च्या गाण्यातली. शब्द डेव्हिड बॅडिएल आणि फ्रँक स्किनर यांचे, म्हणजे बीबीसीवरच्या ‘फँटसी फुटबॉल लीग’ या विनोदी कार्यक्रमाच्या सूत्रधारांचे. चाल इयन ब्राउडीची. घरी येत होती ती युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा. १९६६ च्या विश्वचषकानंतर इतकी मोठी स्पर्धा इंग्लंडमध्ये प्रथमच होत होती, आणि फुटबॉलचे नियमही १८६३ साली लंडनमध्येच लिहिले गेले होते. बाकीचं गाणं नीट ऐका: तीस वर्षांचे पराभव, हुकलेल्या संधी, तरीही न सुटणारी आशा. इतकं हळवं गाणं उर्मट ठरवणं अन्यायाचं आहे. त्या वर्षीही इंग्लंड उपांत्य फेरीत जर्मनीकडून पेनल्टींवर हरलंच.