३०१ रीडायरेक्ट आणि एचएसटीएस: दोन्ही एचटीटीपीएसकडेच नेतात, मग फरक कुठे?

नौपाड्यातला क्लास असो, घोडबंदर रोडवरची सोसायटी असो की रबाळे एमआयडीसीतलं छोटं युनिट, साइटला एचटीटीपीएसचं, म्हणजे कूटबद्ध जोडणीचं सर्टिफिकेट बसलं की पुढचा प्रश्न ठरलेला. जुन्या पत्रकांवर, क्यूआर कोडमध्ये, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लिंकमध्ये पत्ता अजून साध्या, उघड्या एचटीटीपीचाच आहे. तिथून येणाऱ्यांना एचटीटीपीएसवर न्यायचं कसं? कुणी सांगतं ३०१ रीडायरेक्ट (आलेल्याला नव्या पत्त्यावर पाठवणं) टाका, कुणी सांगतं एचएसटीएस, म्हणजे एचटीटीपी स्ट्रिक्ट ट्रान्सपोर्ट सिक्युरिटी लावा. दोन्हींत शेवटी एचटीटीपीएसचंच पान उघडतं. त्यामुळे एक लावलं म्हणजे दुसऱ्याचंही काम झालं, असा समज होतो. तो धोक्याचा आहे. ३०१ हे सर्व्हरने दिलेलं उत्तर असतं. एचएसटीएस हा ब्राउझरने स्वतःजवळ लिहून ठेवलेला नियम असतो.

आधी ३०१ घेऊ. ब्राउझर ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे एचटीटीपीच्या ठरलेल्या दारावर, साधी, उघडी विनंती पाठवतो. सर्व्हर पान देत नाही. ‘३०१, कायमचं हलवलं’ एवढंच सांगतो आणि लोकेशन हेडरमध्ये (हेडर म्हणजे उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) एचटीटीपीएसचा पत्ता देतो. मग ब्राउझर ४४३ पोर्टवर नवी, सुरक्षित जोडणी उघडतो. सगळं बरोबर चाललं तरी पहिली विनंती उघड्यावरूनच गेलेली असते. तिच्यासोबत पूर्ण पत्ता, प्रश्नचिन्हापुढची माहिती आणि सिक्युअर अशी खूण नसलेल्या कुकीजही जातात. लॉगिनची कुकी त्यात असेल, तर रीडायरेक्ट व्हायच्या आधीच ती हातची गेली.

ठाणे स्टेशनबाहेर कुणी स्वतःचं हॉटस्पॉट फुकट वायफाय म्हणून उघडलं, तर ही पहिली विनंती त्याच्या हातून जाते. तो सर्व्हरशी स्वतः एचटीटीपीएसने बोलतो आणि तुमच्या ग्राहकाला साध्या एचटीटीपीवरच ठेवतो. तुमचं ३०१ ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २००९ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत एसएसएलस्ट्रिप या टूलने हेच करून दाखवलं होतं. एचएसटीएस नोव्हेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६७९७ या नावाने मानक झालं, ते हीच फट बुजवायला. क्रोमने २०२१ मध्ये ९०व्या आवृत्तीपासून टाइप केलेला पत्ता आधी एचटीटीपीएसवर उघडून पाहायला सुरुवात केली, ही चांगली गोष्ट. पण ते जमलं नाही तर ब्राउझर एचटीटीपीवर परत येतो, आणि मधे बसलेला माणूस ते जमू न देण्याची व्यवस्था सहज करू शकतो.

एचएसटीएसमध्ये सर्व्हर एचटीटीपीएसच्या उत्तरासोबत स्ट्रिक्ट-ट्रान्सपोर्ट-सिक्युरिटी नावाचं हेडर पाठवतो. त्यात मॅक्स-एज असतं, सेकंदांत. ३१५३६००० म्हणजे एक वर्ष. एकदा हे वाचलं की तेवढा काळ ब्राउझर त्या होस्टचा (म्हणजे साइटच्या नावाचा) एचटीटीपी पत्ता नेटवर्कवर जाऊच देत नाही. लिंक जुनी असली तरी तो आतल्या आत ती एचटीटीपीएस करून घेतो आणि मगच बाहेर पडतो. प्रत्येक भेटीत मुदत पुन्हा शून्यापासून मोजली जाते.

गैरसमज नेमका कुठे होतो, ते क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये दिसतं. नेटवर्क टॅब उघडून एचएसटीएस आधीच मिळालेल्या साइटचा एचटीटीपी पत्ता टाका. पहिल्या ओळीत ३०७ इंटर्नल रीडायरेक्ट असं येतं. कॉन्फिगमध्ये तर ३०१ लिहिलंय, मग हा ३०७ कुणी दिला, म्हणून लोक सर्व्हरच्या फायली चाळत बसतात. तो सर्व्हरने नाही, ब्राउझरनेच दिलेला असतो. सर्व्हरच्या अॅक्सेस लॉगमध्ये त्या वेळेची ८० पोर्टवरची नोंद शोधली तर ती सापडत नाही, कारण विनंती लॅपटॉपमधून बाहेरच पडली नव्हती. म्हणून रीडायरेक्ट तपासायचा असेल तर ब्राउझरवर विसंबू नका. टर्मिनलवर कर्ल कमांड हायफन आणि कॅपिटल आय लावून चालवा. कर्लला सहसा एचएसटीएसची आठवण नसते, त्यामुळे सर्व्हर खरंच काय बोलतो ते तिथे कळतं.

आठवण ३०१चीही राहते, हे खरं. ब्राउझर तो कॅशमध्ये ठेवतो. पण ती आठवण एका ठरावीक पत्त्यापुरती असते, आणि कॅश साफ झाली की जाते. फीच्या पानाचा ३०१ लक्षात असला म्हणून निकालाच्या पानाची पहिली विनंती सुरक्षित होत नाही. एचएसटीएस पूर्ण होस्टला लागू होतं. शिवाय त्यात एक कडक अट आहे: सर्टिफिकेटमध्ये खोट निघाली की ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय ब्राउझर देतच नाही. ३०१ला सर्टिफिकेट चांगलं की वाईट, याच्याशी काही देणंघेणं नाही.

मग एचएसटीएस असताना ३०१ काढून टाकावा का? नाही. एचटीटीपीवरून आलेलं एचएसटीएस हेडर ब्राउझर मानतच नाही, मानायचंही नसतं. नवा माणूस एकदा एचटीटीपीएसपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि त्याला तिथवर आणतो तो ३०१च. सर्च इंजिनचे बॉट, जुनी अॅप्स यांच्यासाठीही ३०१चाच आधार असतो.

३०१ लावताना काय बिघडतं

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ८० पोर्टसाठी वेगळा सर्व्हर ब्लॉक करा आणि त्यात रिटर्न ३०१ची एकच ओळ लिहा. पत्ता जोडताना रिक्वेस्ट-यूआरआय हे व्हेरिएबल वापरा, नुसतं यूआरआय नको. नुसत्या यूआरआयमध्ये प्रश्नचिन्हापुढचा भाग गळतो. शिवाय ते डीकोड होऊन येत असल्याने पत्त्यात नवी ओळ घुसवून उत्तरात भलतंच हेडर टाकता येतं. सर्व्हरवर एकच साइट असेल तर होस्ट व्हेरिएबलऐवजी डोमेनचं नाव सरळ लिहून टाका. नाहीतर समोरच्याने होस्ट म्हणून जे पाठवलं, त्याच नावाकडे रीडायरेक्ट जाऊ शकतो.

अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये ८० पोर्टच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये रीडायरेक्ट परमनंटची एक ओळ पुरते, रीराइटचे नियम लागत नाहीत. फक्त उजवीकडच्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश हवा. तो राहिला की पानाचं नाव डोमेनच्या शेपटीला चिकटतं, ‘डॉट इन’चं ‘डॉट इनफीज’ होतं आणि साइट सापडत नाही. गंमत म्हणजे मुखपृष्ठ नीट उघडतं, त्यामुळे ही चूक दिवसेंदिवस कुणाच्या लक्षात येत नाही. आतल्या एखाद्या पानाने तपासलं की लगेच सापडते.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते न संपणारं चक्र. साइटच्या पुढे असलेली क्लाउडफ्लेअर ही मध्यस्थ सेवा फ्लेक्झिबल मोडवर असेल, तर ग्राहक ते क्लाउडफ्लेअर हा टप्पा एचटीटीपीएस असतो आणि तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंतचा साधा एचटीटीपी. सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर या, ग्राहक तर आधीच तिथे असतो, तो पुन्हा तेच मागतो, आणि सर्व्हरला पुन्हा एचटीटीपीच दिसतं. वीस फेऱ्यांनी क्रोम हात टेकतो आणि ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ दाखवतो. घाईत लोक सर्व्हरवरचा रीडायरेक्ट काढतात. साइट चालू होते, पण तुमच्या सर्व्हरपर्यंतचा टप्पा उघडाच राहतो. खरा उपाय म्हणजे सर्व्हरवर सर्टिफिकेट बसवून मोड फुल स्ट्रिक्ट करणं. पुढे स्वतःचा लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांमध्ये विभागणारा) असेल तर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर पाहून रीडायरेक्ट ठरवा.

फॉर्म भरून पाठवलेली पोस्ट विनंती ३०१ला धडकली की ब्राउझर बहुधा तिची गेट (नुसतं पान मागणारी विनंती) करून टाकतो आणि भरलेला मजकूर हरवतो. पद्धत टिकवायची तर ३०८ वापरा. हजेरीच्या मशिनसारखी उपकरणं मात्र बऱ्याचदा रीडायरेक्ट पाळतच नाहीत. तिथे मशिनच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ताच बदलायला हवा.

चाचणीच्या दिवसांत ३०२, म्हणजे तात्पुरता रीडायरेक्ट ठेवा. सगळी पानं नीट उघडतात असं दिसलं की ३०१ करा.

एचएसटीएस लावताना काय बिघडतं

इथे चुकलं तर दुरुस्ती सर्व्हरवर बसून होत नाही. चूक लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसलेली असते. म्हणून मुदत पायऱ्यांनी वाढवा: आधी ३०० सेकंद, सगळं ठीक दिसलं की ६०४८०० म्हणजे आठवडा, मग २५९२००० म्हणजे तीस दिवस, आणि शेवटी वर्ष. इंटरनेटवरून तयार ओळ उचलून पहिल्याच दिवशी वर्षाची मुदत टाकणं हा विनाकारण घेतलेला धोका आहे.

एनजिनएक्समध्ये अॅड-हेडरच्या ओळीत ऑलवेज हा शब्द हवाच, नाहीतर ४०४ आणि ५०० उत्तरांवर हेडर लागत नाही. आतल्या एखाद्या लोकेशन ब्लॉकमध्ये दुसरं कुठलं अॅड-हेडर लिहिलं असेल, तर वरून येणारी सगळी हेडर्स त्या ब्लॉकपुरती गळतात. मुखपृष्ठावर हेडर दिसतं आणि चित्रांच्या फोल्डरवर दिसत नाही, ते यामुळे.

इन्क्लूड-सबडोमेन्स हा शब्द नियम सगळ्या सबडोमेनना (डोमेनच्या आधी लागणाऱ्या उपनावांना) लावतो. तो लिहिण्याआधी त्यांची यादी कागदावर उतरवा. समजा रबाळ्यातल्या युनिटची साइट बाहेर होस्ट केलेली आहे, आणि त्याच डोमेनचं ईआरपी (कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर) नावाचं सबडोमेन ऑफिसमधल्या मशिनकडे, ८०८० पोर्टवर, साध्या एचटीटीपीने जातं. मूळ डोमेनवर हा शब्द चढला की दुसऱ्या दिवशी अकाउंट्समध्ये दोघांचं ईआरपी बंद आणि तिसऱ्याचं चालू. ज्यांनी कंपनीची साइट उघडली होती त्यांच्याच ब्राउझरला नियम मिळाला. ८०८०सारखा पोर्ट ब्राउझर बदलत नाही, फक्त एचटीटीपीचं एचटीटीपीएस करतो. त्या पोर्टवरच्या मशिनला ती भाषा येत नाही, म्हणून प्रोटोकॉल एरर. खूण एकच: त्याच लॅपटॉपवर आयपी पत्ता टाकला तर ईआरपी उघडतं, कारण एचएसटीएस आयपी पत्त्यांना लागू होत नाही. हे माहीत नसलं की नेटवर्कवाल्याला बोलावून स्विच बदलण्यात दिवस जातो.

उलट बाजूची चूक शांतपणे होते. एचटीटीपीच्या मूळ डोमेनवरून थेट एचटीटीपीएसच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू पत्त्यावर उडी मारली, तर ब्राउझरला हेडर फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं मिळतं. मूळ डोमेन उघडंच राहतं, आणि लोक टाइप करतात ते बहुधा तेच. म्हणून आधी त्याच नावाच्या एचटीटीपीएसवर न्या, तिथे हेडर द्या, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे पाठवा. एक उडी जास्त होते, ती होऊ द्या.

आता सर्टिफिकेट. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असत आली आहेत, म्हणजे नूतनीकरण आपोआप झालंच पाहिजे. एचएसटीएस नसताना मुदत संपली तर काही लोक इशारा ओलांडून तरी आत येतात. एचएसटीएस असताना ज्याने साइट आधी पाहिली आहे, त्याला दार पूर्ण बंद. यात दोन ठिकाणी हमखास फसतं. सर्टबॉट हे नूतनीकरणाचं टूल नवं सर्टिफिकेट आणतं, पण एनजिनएक्स रीलोड होत नाही आणि जुनंच देत राहतो. किंवा ‘आता सगळं एचटीटीपीएस आहे’ म्हणून फायरवॉलमध्ये ८० पोर्ट बंद केला जातो, आणि एचटीटीपी-०१ पद्धतीची पडताळणी (डोमेन तुमचंच आहे ना, याची) तर ८०वरूनच सुरू होते. त्या पडताळणीला रीडायरेक्ट चालतो, बंद पोर्ट चालत नाही. सर्टबॉट रिन्यूचा ड्राय-रन (सराव फेरी) यशस्वी होईपर्यंत आठवड्याच्या पुढची मुदत टाकू नका.

प्रीलोड म्हणजे डोमेन ब्राउझरच्या आतल्याच यादीत घालणं. त्याने पहिल्या भेटीची फटही बुजते. त्यासाठी किमान एक वर्षाची मुदत, इन्क्लूड-सबडोमेन्स, प्रीलोड हा शब्द आणि ८० पोर्ट चालू असेल तर त्याच होस्टच्या एचटीटीपीएसवर रीडायरेक्ट, एवढं लागतं. बाहेर पडायचं तर ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत महिने जातात. पतपेढीची किंवा पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट देणारी साइट असेल तर हे जरूर करावं. सोसायटीच्या नोटीस बोर्डाला गरज नाही. डॉट अॅप आणि डॉट डेव्ह ही टोकं तर अख्खीच यादीत आहेत, तिथे पहिल्या दिवसापासून एचटीटीपीएस लागतंच.

मागे फिरायचं असेल तर मॅक्स-एज शून्य करून हेडर पाठवत राहावं लागतं. नुसतं हेडर काढलं तर जुनी मुदत तशीच चालते. शून्याचं हेडरही चालू, वैध एचटीटीपीएसवरूनच पोहोचतं, म्हणून होस्टिंग बदलताना आधी शून्य पाठवा, जुनी मुदत संपेपर्यंत सर्टिफिकेट जिवंत ठेवा, आणि मगच जुना सर्व्हर बंद करा. फक्त स्वतःच्या मशिनवरची आठवण पुसायची असेल तर क्रोमच्या नेट-इंटर्नल्समधल्या एचएसटीएस पानावर डोमेन लिहून डिलीट करा. ब्राउझिंग हिस्टरी साफ करण्याची गरज पडत नाही.