पोलादाला पाणी देणं आणि ॲल्युमिनियम मुरवणं

छिन्नीचं टोक लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, हे लोहाराचा भाता ओढणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तुकडाही भट्टीत तापवतात, पाण्यात टाकतात आणि शेवटी तोही कडक होतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे तीच भट्टी, तीच टाकी. जॉब कार्डावर क्रमसुद्धा सारखाच: तापवा, विझवा, परत थोडं तापवा. त्यामुळे डिप्लोमाच्या मुलांपासून मुरलेल्या वेल्डरपर्यंत बरेच जण हे एकच काम समजतात. प्रत्यक्षात पोलाद पाण्यातच कडक होतं, तर ॲल्युमिनियम पाण्यातून चक्क मऊ बाहेर येतं.

आधी पोलाद. थंड लोखंडात अणूंची जी मांडणी असते तिच्यात कार्बनला जवळजवळ जागाच नसते. ७२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या परिस्थितीत, वजनाने ०.०२ टक्के कार्बन मावतो. त्याहून वर तापवलं की लोखंड आपली मांडणीच बदलतं आणि या नव्या मांडणीत ११४७ अंशांना दोन टक्क्यांहून अधिक कार्बन विरघळू शकतो. असं तापलेलं पोलाद सावकाश निवू दिलं, तर कार्बन निवांत बाहेर पडतो, लोखंडाशी संयुग करतो आणि पोलाद कानशीला सहज लागतं. पाण्यात टाकलं तर कार्बनला हलायला वेळच मिळत नाही. लोखंड मात्र जुन्या मांडणीकडे वळतंच. कार्बन आत अडकलेला, त्यामुळे ती मांडणी एका बाजूला ताणली जाते. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात, जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून. हा बदल इतका झपाट्याने होतो की तुकडा टाकीतून बाहेर काढेपर्यंत सगळं उरकलेलं असतं.

०.८ टक्के कार्बनचं पोलाद असं विझवलं की कडकपणा मोजण्याच्या रॉकवेल सी मापावर ६५ च्या आसपास जातं. कानस त्यावरून नुसती घसरते. पण हातातून पडलं तर तडकूही शकतं. म्हणून ते परत तापवायचं, म्हणजे टेम्पर करायचं. घासून चकचकीत केलेल्या भागावर आधी गवताचा पिवळा रंग येतो (साधारण २२५ अंश), मग जांभळा, आणि ३०० च्या सुमाराला निळा. जितकं वर न्याल तितकी कडकी कमी आणि चिवटपणा जास्त. ग्राइंडरवर धार लावताना कड निळी पडली की कारागीर ‘पाणी उतरलं’ म्हणतो, ते याचमुळे.

ॲल्युमिनियमची गोष्ट तर या दोन प्रक्रियांच्या गोंधळातूनच सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग इथल्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड विल्म हे संशोधक काडतुसांच्या पितळी नळकांड्यांना हलका पर्याय शोधत होते. पोलादाला चालतो तो उपाय ॲल्युमिनियमला का चालू नये, असा त्यांचा सरळ हिशेब. सुमारे ४ टक्के तांबं आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम घातलेला पत्रा त्यांनी पाचशे अंशांच्या वर तापवून विझवला. कडकपणा मोजला तर निराशाच. हे शनिवारी झालं आणि उरलेली मापं सोमवारी घेतली, असं सांगतात. सोमवारचे आकडे इतके वर गेले होते की पहिला संशय मापयंत्रावर गेला. यंत्र ठीक होतं. पत्रा नुसता पडल्या पडल्या कडक झाला होता. हे साल १९०६. पुढे ड्युरेन गावच्या कारखान्याने हा मिश्रधातू ड्युरालुमिन नावाने विकायला काढला. झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे झाले आणि १९१९ चं युंकर्स एफ-१३ हे प्रवासी विमानही त्याचंच.

विल्म यांना पाण्याने दगा दिला आणि सुट्टीने तारलं, असं गमतीने म्हणता येईल. पण कारण त्यांनाही सांगता आलं नव्हतं. ते १९१९ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सच्या पॉल मेरिका आणि सहकाऱ्यांनी मांडलं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळेपर्यंत अणूंची मांडणी बदलतच नाही. म्हणजे पोलादात घडतं तसं इथे काही घडूच शकत नाही. बदलते ती फक्त विरघळण्याची मर्यादा: ५४८ अंशांना त्यात साडेपाच टक्क्यांहून थोडं जास्त तांबं मावतं, खोलीच्या तापमानाला जवळपास नाहीच. झटकन विझवलं की तांबं आत कोंडलं जातं. पण तांब्याचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूच्याच जागेवर बसलेला असतो, त्याने फारशी ओढाताण होत नाही, आणि धातू मऊच राहतो.

मग सुरू होतं मुरणं. लोणचं मुरतं तेव्हा वेगळे जिन्नस एकजीव होतात. इथे उलट: एकजीव झालेलं तांबं हळूहळू वेगळं होऊ लागतं. विझवताना तांब्याबरोबर मांडणीतल्या रिकाम्या जागाही कोंडल्या जातात आणि त्यांच्या आधाराने अणू साध्या हवेतसुद्धा सरकत राहतात. फ्रान्सचे आंद्रे गिनिए आणि इंग्लंडचे जॉर्ज प्रेस्टन या दोघांनी १९३८ मध्ये स्वतंत्रपणे क्ष-किरणांनी दाखवलं की तांब्याचे अणू जमून एखाद्या अणूइतक्या जाडीच्या चकत्या तयार होतात. धातू वाकतो तो त्याच्या मांडणीतले दोष, म्हणजे डिसलोकेशन, सरकल्यामुळे. या चकत्या त्यांची वाट अडवतात.

गंमत म्हणजे विल्म यांच्याही तीन वर्षं आधी राइट बंधूंचं विमान उडालं, त्याच्या इंजिनाचा क्रँककेस, म्हणजे बाहेरचं कवच, ८ टक्के तांबं असलेल्या ॲल्युमिनियमचा ओतीव होता. १९९४ मध्ये त्याचा अभ्यास झाला तेव्हा त्यात अशाच तांब्याच्या जमावाच्या खुणा सापडल्या. मुरवण्याचा फायदा त्यांना मिळाला, पण पत्ता कोणालाच नव्हता.

आता ती तिसरी पायरी, ‘परत थोडं तापवा’, जिथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. खिडक्यांच्या चौकटींपासून सायकलीपर्यंत ६००० क्रमांकांच्या मालिकेतले ॲल्युमिनियमचे मिश्रधातू दिसतात. त्यातला ६०६१ घेऊ. यात तांब्यापेक्षा मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचा वाटा मोठा. पूर्ण मऊ अवस्थेत तो सुमारे ५५ मेगापास्कल (ताण मोजण्याचं एकक) इतक्या ताणाला कायमचा वाकू लागतो. ५३० अंशांवरून विझवून नुसता ठेवला (या अवस्थेची खूण टी-४) तर १४५ च्या आसपास, आणि विझवल्यावर १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये आठेक तास ठेवला (टी-६) तर २७५. म्हणजे ज्या उष्णतेने पोलादाची कडकी उतरायला लागते, जवळपास त्याच उष्णतेने ॲल्युमिनियमची चढते. मर्यादा मात्र आहे. ओव्हनमध्ये फार वेळ राहिलं तर बारीक कण मोठे आणि विरळ होतात, डिसलोकेशनला त्यांच्यामधून वाट मिळते आणि धातू परत मऊ पडतो.

हे माहीत नसल्याचा फटका गॅरेजमध्ये बसतो. टी-६ चा वाकलेला ब्रॅकेट गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करायचा आणि ‘कडक व्हावा’ म्हणून पाण्यात टाकायचा, हा पोलादाचा हिशेब झाला. ज्योतीने आतले कण आधीच विस्कटलेले असतात. पाण्याने ते परत येत नाहीत. शिवाय ॲल्युमिनियम पोलादासारखं लाल होऊन इशाराही देत नाही, लाल होण्याची वाट पाहत बसलात तर तुकडा वितळून खाली पडेल. वेल्डिंगच्या शिवणीलगतचा पट्टाही असाच कमकुवत होतो. भारवाहू जोडणीत तो आधीपासून हिशेबात धरावाच लागतो.

विमानबांधणीत मात्र हाच मऊपणाचा अवधी कामाला आणतात. २०२४ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे रिव्हेट विझवल्यावर फ्रीझरमध्ये ठेवतात, कारण थंडीत मुरणं जवळपास थांबतं. बाहेर काढल्यावर दहा-वीस मिनिटांत ते ठोकायचे. नंतर ते विमानाच्या अंगातच चार-एक दिवसांत कडक होतात. पोलादाच्या बाबतीत असं काही सुचणंही शक्य नव्हतं.

की होतं? १९६० च्या सुमाराला मॅरेजिंग पोलाद आलं. त्यात १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम, टायटॅनियम, आणि कार्बन जवळजवळ नाहीच. तापवून निवल्यावर त्याचं मार्टेन्साइट होतं, पण कार्बन नसल्याने बरंच मऊ. खरी ताकद नंतर ४८५ अंशांच्या आसपास काही तास मुरवल्यावर येते. म्हणजे सांगाडा पोलादाचा, युक्ती विल्मची. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं मोटर-कवच याच जातीच्या पोलादाचं असतं आणि अशा कवचांचे भाग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात बनले आहेत. मुरताना या पोलादाचा आकार अगदी नगण्य बदलतो. त्यामुळे सुटे भाग मऊ असतानाच लेथवर जवळपास शेवटच्या मापाला आणता येतात आणि मग ओव्हनमध्ये जातात.