कार्बनचा किलो आणि कार्बन डायऑक्साइडचा किलो

घराचा कार्बन फुटप्रिंट, म्हणजे घरच्या वापरामुळे हवेत जाणाऱ्या तापमानवाढीच्या वायूंचा हिशेब, काढायला गुणाकार-बेरजेपलीकडचं गणित लागत नाही. वीजबिलावरची युनिटं, वर्षाचे सिलिंडर, गाडीत भरलेलं पेट्रोल, एवढं हाताशी असलं की निम्मं काम झालं. तरीही एकाच घराचे दोन हिशेब एकमेकांच्या जवळपास साडेतीन पट निघतात, कारण एकाने कार्बनचं वजन धरलेलं असतं आणि दुसऱ्याने कार्बन डायऑक्साइडचं. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे, की आता नुसतं 'इतके किलो कार्बन' असं वाचलं तरी त्या आकड्यावर विश्वास बसत नाही.

अणुभार सगळ्यांनी शाळेत पाठ केलेत. कार्बन 12, ऑक्सिजन 16. कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन चिकटले की वजन 44. म्हणजे 12 किलो कार्बन पूर्ण जळला की 44 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गुणक 3.67.

मग विचारलं जातं, लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, त्यातून 2.3 किलो वायू कसा निघेल? किलोभर तांदळाचा अडीच-तीन किलो भात होतो तसाच. भातात वाढलेलं वजन पाण्याचं असतं, इथे ते हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचं. पेट्रोलमधला कार्बन लिटरमागे साधारण 0.63 किलो, त्याला 3.67 ने गुणा, 2.3 येतात. घरगुती सिलिंडरचंही असंच. 14.2 किलो गॅसमध्ये कार्बन साडेअकरा किलोच्या आसपास, आणि जळल्यावर कार्बन डायऑक्साइड सुमारे 42 किलो.

खरा घात पुढे होतो. 3.67 हा आकडा एकदा कळला की लोक तो सगळीकडे वापरतात. सिलिंडरचे 42 किलो, पेट्रोलचे 2.3, डिझेलचे लिटरमागे सुमारे 2.7, विजेच्या युनिटमागे आपल्याकडचे साधारण 0.7 किलो, हे सगळे आकडे कार्बन डायऑक्साइडचेच आहेत. त्यांना पुन्हा गुणायचं नाही. 42 ला पुन्हा गुणलंत तर एका सिलिंडरचे दीडशे किलो होतात, आणि मग स्वयंपाकघरच सगळ्यात मोठं गुन्हेगार ठरतं. मला हे फार खटकतं. त्या चुकीच्या आकड्यावर घरात वाद होतात आणि गाडी, विमानप्रवास बाजूलाच राहतात.

कुठलाही तक्ता किंवा कॅल्क्युलेटर हाती आला की आधी त्यात पेट्रोलची ओळ शोधा. लिटरला 2.3 च्या आसपास असेल तर हिशेब कार्बन डायऑक्साइडचा. 0.63 असेल तर कार्बनचा. दोन्हीच्या जवळपासही नसेल, तर तेल काढण्यापासून पंपापर्यंतचं उत्सर्जन त्यात धरलंय का ते पाहा, आणि तसा खुलासा नसेल तर तो तक्ता वापरू नका.

जगाच्या आकड्यांतही हेच. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांचं वर्षाचं उत्सर्जन कुणी 10 अब्ज टन सांगतं, कुणी 37. दोन्ही बरोबर. पहिला आकडा कार्बनचा, दुसरा कार्बन डायऑक्साइडचा.

'कार्बन डायऑक्साइड समतुल्य' हे तिसरं नाव दिसलं तर गोंधळू नका. त्यात मिथेनसारखे इतर वायूही मोजलेले असतात. घरच्या वीज-इंधनाच्या अंदाजात त्याने फारसा फरक पडत नाही. खाण्यापिण्याचा हिशेब धरलात तर मात्र पडतो, कारण दुधामागे गाई-म्हशींचा मिथेन असतो.

ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी एक जागा उलटी आहे. माती परीक्षणाच्या अहवालातला सेंद्रिय कर्ब हा खरोखर कार्बन असतो, तिथे 3.67 ने गुणावंच लागतं. एकरातल्या वरच्या 15 सेंटीमीटर थरात साधारण 800 टन माती धरतात. कर्ब 0.40 टक्क्यांवरून 0.50 वर गेला तर कार्बन वाढला 0.8 टन, म्हणजे जवळपास 3 टन कार्बन डायऑक्साइड. कार्बन क्रेडिट, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी केल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र, मोजतात ते या दुसऱ्या आकड्यावर, एका टनाला एक. कंपनीचा माणूस करार घेऊन बांधावर आला, तर त्यातले टन कशाचे आहेत ते सही करण्याआधी लिहून घ्या.