नाटकांचा सीझन चांगला गेला की वाईट, हे आपण ठरवतो कसं? थोडी पार्श्वभूमी

डिसेंबर आला की आमच्या ग्रुपमध्ये हा वाद ठरलेलाच असतो. एक म्हणतो यंदा नाटकांत काही दमच नव्हता, दुसरा म्हणतो अरे दादरच्या शिवाजी मंदिरला सगळे रविवार हाऊसफुल्ल होते की. तिसरा गप्प असतो, कारण त्याने वर्षभरात जे काही पाहिलं ते पन्नास खुर्च्यांच्या हॉलमध्ये पाहिलेलं असतं आणि त्याला तर हे वर्ष फार भारी गेलंय. तिघंही मनापासूनच बोलत असतात पण प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. आणि या फूटपट्ट्या एकाच काळात तयार झालेल्या नाहीत, मराठी रंगभूमीच्या पावणेदोनशेहून जास्त वर्षांत एकेक करून आल्या आणि जुनी काही गेली नाही, म्हणून हा सगळा गोंधळ होतो. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते राजाच्या आश्रयाने. तिथे तिकिटाचा प्रश्नच नव्हता, राजेसाहेब खूश झाले की झालं. पण राजाश्रय संपला, भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरायला लागले आणि 1853 ला मुंबईत आले, ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. म्हणजे मुंबई या गोष्टीत शिरली तीच मुळी तिकिटाच्या खिडकीतून. तेव्हापासून 'या मुक्कामी उत्पन्न किती झालं' हे पहिलं माप. नाटक कंपन्या मुक्काम टाकायच्या, गावात चालतंय तोवर राहायच्या, नाही चाललं की बिऱ्हाड हलवायच्या. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 1880 ला आलं आणि दुसरं माप तयार झालं ते गाण्याचं. नाटक कसं होतं याच्या आधी लोक विचारायचे पदं कशी रंगली, वन्समोअर किती घेतले.

या दोन्ही मापांनी बघितलं तर 8 जुलै 1921 ची रात्र म्हणजे कळसच. मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचं 'संयुक्त मानापमान', टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन सर्वांत मोठे गायक नट एका रंगमंचावर! त्या वर्षी कुणाला विचारलं असतं की रंगभूमीचं कसं चाललंय तर उत्तर एकच आलं असतं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. पुढे दहाएक वर्षांत बोलपट आला, 1932 ला 'अयोध्येचा राजा', आणि एकेक कंपनी बंद पडत गेली. गंधर्व नाटक मंडळीसुद्धा कर्जात बुडाली. मला हे वाचताना दरवेळी वाटतं की 1921 ला भरलेल्या खुर्च्या मोजणाऱ्या कुणालाही हे येताना दिसलं नसणार. नवीन काय लिहिलं जातंय, नवीन माणसं कोण येताहेत, हे त्या मापात कुठेच बसत नव्हतं.

उलट 1933 घ्या. धंदा म्हणून बघाल तर पडता काळ. त्याच वर्षी जुलैत मुंबईत 'नाट्यमन्वंतर' ने 'आंधळ्यांची शाळा' केलं, बायकांची कामं बायकांनी केली, पदं मोजकी, बोलणं घरातल्यासारखं. ती संस्था फार वर्षं टिकली नाही. पण आज आपण ज्याला नाटक म्हणतो, म्हणजे दिवाणखाना, त्यातली माणसं, त्यांचे प्रश्न, ते त्या पडत्या सीझनमधून आलंय.

नंतर मुंबई मराठी साहित्य संघ आला. 1935 ची संस्था, डॉ. अ. ना. भालेरावांनी तिथे नाटकाचं वेड लावलं, 1944 ला मुंबईत मोठा नाट्यमहोत्सव केला, बोलपटाने संपवलेली रंगभूमी परत उभी राहू शकते हे लोकांना त्यातून दिसलं. 1954 पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि तिसरं माप आलं, परीक्षकांचं. नंबर, बक्षिसं, अंतिम फेरी. मग पेपरांतली परीक्षणं. माधव मनोहरांसारखा समीक्षक होता, जो अमुक मराठी नाटक मुळात कुठल्या परदेशी नाटकावर बेतलंय ते सरळ लिहून टाकायचा. त्यांच्यामुळे 'वर्षभरात अस्सल नवी संहिता किती' हा प्रश्न लोक विचारायला लागले असं मला वाटतं. माझ्या दृष्टीने सगळ्यांत खरं माप तेच.

आता 1972 बद्दल जरा सविस्तर, कारण माझं सगळं म्हणणं या एका वर्षात आहे. महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ. ऑक्टोबरात मुंबई दूरदर्शन सुरू झालं, म्हणजे आता घरबसल्या करमणूक, नाटकवाल्यांना चिंता वाटावी अशीच गोष्ट. मार्चमध्ये तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' आलं, निळू फुले आणि लालन सारंग, 13 प्रयोग झाले आणि सेन्सॉरने थांबवलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले, लढले, जिंकले. डिसेंबरात पुण्यात तेंडुलकरांचंच 'घाशीराम कोतवाल' आलं, तेही 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच बंद केलं, मग त्यातली मुलं बाहेर पडली, थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक परत उभं केलं. म्हणजे त्या वर्षअखेरीला कुणी हिशोब मांडला असता तर काय दिसलं असतं? एक नाटक कोर्टात, एक बंद पडायच्या मार्गावर, बाहेर निदर्शनं, आणि टीव्हीचं नवीन संकट. आज आपण त्या वर्षाचं नाव काढताना आवाज बदलतो. 'घाशीराम' तर 1980 ला युरोपात जाऊन आलं. 13 आणि 19, या दोन आकड्यांवरून सीझन ठरवला असता तर केवढी चूक झाली असती.

अशीच गोष्ट 'वस्त्रहरण'ची. 1980 ला आलं तेव्हा सुरुवातीला चालेना, मालवणी भाषा मुंबईच्या प्रेक्षकाला झेपेल का अशी शंका होती, पुलंनी मनापासून दाद दिली आणि वारं फिरलं, पुढे 5000 च्या वर प्रयोग. पहिल्या तीन महिन्यांत ठरवलं असतं तर ते 'पडलेलं नाटक' होतं.

आता हाऊसफुल्लचं माप वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, प्लीज गैरसमज नको. लहानपणी बाबांबरोबर शिवाजी मंदिरला तिकीट काढायला जायचो. खिडकीत आत प्लॅन असायचा, मोठा छापील कागद, त्यावर खुर्च्यांचे चौकोन, आतले काका रंगीत पेन्सिलने फुल्या मारत जायचे. बाबा स्वतःच्या सीट सांगायच्या आधी मान तिरकी करून सगळा प्लॅन वाचून घ्यायचे. मला म्हणायचे, पुढच्या रांगांचं सोड, त्या भरतातच, बाल्कनीचं बघ. बाल्कनीत चार-चार, पाच-पाच फुल्या एकत्र असल्या म्हणजे घरंच्या घरं येताहेत, गिरणगावातनं, लालबाग-परळहून, कुणीतरी सांगितलं म्हणून. सगळीकडे सुट्या दोन-दोन असल्या की नुसतं नटाच्या नावावर आलेत, दोन आठवड्यांनी बघू. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. आता ॲपवर हिरवे-पांढरे ठिपके दिसतात, पण ते बघून पलीकडे कोण आहे ते काही कळत नाही.

आणि तो गिरणगावातला प्रेक्षक हाही मोठा मुद्दा आहे. परळचं दामोदर नाट्यगृह 1922 चं, कामगार रंगभूमीचं घर. 1982 ला गिरणी संप झाला, घरं मोडली, माणसं हळूहळू ठाणे, कल्याण, डोंबिवली, बोरिवली, वसईकडे गेली. नाटकही त्यांच्या मागे गेलं, ठाण्याचं गडकरी रंगायतन 1978 चं होतंच, मग वाशी, कल्याण, डोंबिवली, बोरिवली अशी थिएटरं. त्यामुळे नुसता दादरचा बोर्ड बघून सीझन ठरवायचे दिवस कधीच गेलेत. तरी सवयीने आपण अजून दादरवरूनच बोलतो, मीसुद्धा बोलतो.

शिवाय मुंबईत सीझन म्हणजे काय हेच मुळात सरळ नाही. परीक्षांत बुकिंग खाली, मे मध्ये अर्धी मुंबई गावाला, मग पावसात लोकल बंद पडायची भीती, गणपतीत तर सगळं कोकणात. दिवाळीनंतर चार महिने तेवढे भरवशाचे, त्यात शनिवार-रविवारच्या तारखा मिळवण्यासाठी निर्मात्यांची ओढाताण. ज्याला रविवार दुपार मिळाली त्याचं नाटक 'चाललं', ज्याला मंगळवार रात्र मिळाली त्याचं 'पडलं', यात नाटकाचा गुण किती आणि तारखेचा किती? थिएटरं बंद असली की अजून वाईट. दामोदर 2023 च्या शेवटी बंद झालं, 2024 च्या अखेरीला रवींद्र नाट्य मंदिर आणि गडकरी दोन्ही दुरुस्तीत. अशा वर्षी प्रयोगांची संख्या कमी दिसली तर तो दोष लेखकांचा कसा?

लॉकडाऊनने तर सगळी मापं मोडली. मार्च 2020 ला पडदा पडला, मधे थोडं सुरू झालं, परत बंद, आणि 22 ऑक्टोबर 2021 ला निम्म्या खुर्च्यांवर उघडलं. त्या हंगामात अर्धं थिएटर म्हणजेच हाऊसफुल्ल! निर्मात्यांनी जुनी, लोकांना माहीत असलेली नाटकं परत आणली, त्यात त्यांची चूक नाही, पडदा वर गेला तोच त्यांच्यामुळे. 1991 चं 'चारचौघी' 2022 ला परत आलं आणि नव्या पोरी ते बघून रडत बाहेर येताना मी पाहिल्यात. पण ही सवय लागली की धोका आहे. बोर्डावरची निम्मी नावं वीस-तीस वर्षांपूर्वीची असतील तर तो सीझन भरलेला असेल, त्याला जोरदार म्हणायला माझं मन होत नाही.

नवीन कुठून येतं तेही ठरलेलं आहे खरं तर. एकांकिका स्पर्धांतून. 'ऑल द बेस्ट' आधी एकांकिका होती. 'संगीत देवबाभळी' सुद्धा, 2017 ला व्यावसायिक रंगभूमीवर आलं तेव्हा दोन बायका, तुकारामांची आवली आणि लखूबाई बनून आलेली रखुमाई, विठ्ठलावर भांडणाऱ्या, मोठं नाव कुणाचंच नाही, आणि अभंग ऐकताना थिएटरात श्वाससुद्धा ऐकू यायचा. त्याही आधी दादरला छबिलदासच्या शाळेतल्या हॉलमध्ये 1974 पासून 'आविष्कार' या संस्थेने हेच काम केलं, तिथे प्रेक्षक मूठभर असायचे पण मुख्य धारेतली पुढची कितीतरी माणसं त्या मूठभरांसमोर तयार झाली.

म्हणून मी हल्ली डिसेंबरच्या वादात पडायच्या आधी एक करतो. रविवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान समोर घेतो आणि ज्या नाटकाची संहिता गेल्या दोन वर्षांत लिहिली गेलीय त्याभोवती पेनाने गोल करतो. पान तसं गच्च भरलेलं असतं. गेल्या वेळी गोल मोजताना दुसऱ्या हाताची बोटं लागली नाहीत.