आगगाडीने आखलेल्या वाटा : स्कॉटलंडच्या गोल्फ-प्रवासाची पार्श्वभूमी

मोटार भाड्याने घेऊन आठ-दहा दिवस स्कॉटलंडच्या किनाऱ्याने फिरायचे आणि वाटेतल्या जुन्या, नामांकित गोल्फ मैदानांवर खेळत जायचे, ही जगभरच्या गोल्फरसिकांची आज जवळजवळ वारीच झाली आहे. एडिनबरा किंवा ग्लासगो येथे उतरावे, पूर्वेस नॉर्थ बेरिक आणि म्यूरफील्ड, फोर्थची खाडी ओलांडून सेंट अँड्र्यूज व कार्नूस्टी, उत्तरेस क्रूडन बे आणि डॉर्नॉक, परतताना पश्चिमेस टर्नबेरी, ट्रून व प्रेस्टविक, असा हा साधारण मार्ग. मोटारीच्या चाकाशी बसलेल्या प्रवाशाला तो रस्त्यांचा मार्ग वाटतो. पण रस्ते फार नंतर आले. कोणते गाव गोल्फचे गाव व्हायचे, हे आधी समुद्राने आणि मग रेल्वे कंपन्यांनी ठरवले, आणि मोटारीच्या वाट्याला तो नकाशा तयार स्थितीत आला.

समुद्राचा वाटा समजण्यासाठी ‘लिंक्स’ हा शब्द समजून घ्यावा लागतो. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे ओझे उतरल्यावर स्कॉटलंडची जमीन हळूहळू वर आली, समुद्र मागे सरला आणि शेती व किनारा यांच्या मध्ये वाळूच्या टेकड्यांचा एक उंचसखल पट्टा उरला; त्यालाच लिंक्स म्हणतात. पेरणीला तो निरुपयोगी. पण वाळूत पाणी झिरपून जात असल्याने भर हिवाळ्यातही तेथे चिखल होत नाही, वाऱ्यामुळे गवत आखूड राहते, आणि मेंढ्या व ससे ते आणखी आखूड करतात. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या जनावरांनी उकरलेल्या खळग्यांतून बंकर घडले, असे म्हणतात. या खेळाचा कागदावर सापडणारा सर्वांत जुना पुरावा मात्र बंदीचा आहे : धनुर्विद्येच्या सरावात अडथळा येतो म्हणून १४५७ मध्ये दुसऱ्या जेम्स राजाच्या संसदेने फुटबॉलबरोबर गोल्फही निषिद्ध ठरवला. पुढे सेंट अँड्र्यूजच्या आर्चबिशपने १५५२ च्या सनदेत लिंक्सवर ससे पाळण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि तेथे गोल्फ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. या प्रवासाच्या दृष्टीने ती सनद कोणत्याही बक्षीस-चषकाहून महत्त्वाची मानली पाहिजे. जमीन गावाची होती म्हणूनच परक्या माणसालाही पुढे तेथे पाऊल ठेवता आले. कुंपणाआडच्या खाजगी मैदानांवरून असा प्रवास कधीच उभा राहिला नसता.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मात्र गोल्फ हा आपापल्या गावचा खेळ होता. कातडी पिशवीत पिसे ठासून केलेला चेंडू महाग असे आणि पावसात भिजला की फाटे. दूरवर जाऊन खेळणारे होते ते जमीनदार, वकील, आणि रजेवर आलेले लष्करी अधिकारी. या शेवटच्या वर्गाचा मुंबईशी एक धागा आहे. मुंबईत राहणाऱ्या ब्रिटिश गोल्फपटूंच्या मंडळाने १८४० च्या दशकात सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबला एक रौप्यपदक भेट दिले, आणि ते ‘बॉम्बे मेडल’ या नावाने ओळखले जाते. त्याच दशकाच्या अखेरीस गटापर्चा या झाडाच्या चिकाचा स्वस्त, टिकाऊ चेंडू आला आणि तेवढ्यातच रूळही आले. स्वस्त चेंडू आणि स्वस्त तिकीट यांची ही जोडी जमली नसती, तर हा खेळ आणखी बराच काळ मोजक्या गावांपुरता राहिला असता, असे मानायला जागा आहे.

ग्लासगोहून एअरला जाणारा लोहमार्ग १८४० मध्ये पूर्ण झाला. त्यावरच्या प्रेस्टविक स्थानकाला लागून असलेल्या वाळूत १८५१ मध्ये क्लब स्थापन झाला आणि सेंट अँड्र्यूजचा टॉम मॉरिस, म्हणजे पुढचा ‘ओल्ड टॉम’, याने तेथे बारा होलांचे, म्हणजे भोकात चेंडू घालून संपणाऱ्या बारा टप्प्यांचे, मैदान आखले. १७ ऑक्टोबर १८६० रोजी याच मैदानावर आठ व्यावसायिक खेळाडूंनी एका दिवसात तीन फेऱ्या खेळल्या. मसलबराचा विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला, मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. ‘ओपन’ या आजच्या नामांकित स्पर्धेचा आरंभ तो हाच. प्रेस्टविकच्या पहिल्या होलचे नावच ‘रेल्वे’ आहे : उजव्या हाताला दगडी भिंत, भिंतीपलीकडे रूळ, आणि चेंडू जरा उजवीकडे कलला की तो थेट हद्दीबाहेर. ज्या गाड्यांनी प्रेस्टविकला प्रेक्षक आणून दिले, त्याच गाड्यांनी शेवटी तिथली स्पर्धाही संपवली. १९२५ च्या ओपनला ग्लासगोच्या बाजूने इतकी गर्दी लोटली की खेळाडूंना मैदानावरून चालणे अवघड झाले. आघाडीवर असलेला मॅकडोनाल्ड स्मिथ त्या गोंधळात मागे पडला, आणि चोवीस ओपन भरवलेल्या या मैदानावर ती स्पर्धा पुन्हा झाली नाही.

पूर्वेकडे नॉर्थ बेरिकला १८५० मध्ये आणि सेंट अँड्र्यूजला १८५२ मध्ये रेल्वेचा फाटा पोहोचला. फोर्थवरचा पूल १८९० मध्ये खुला झाल्यावर एडिनबऱ्याहून खाडीपलीकडच्या फाइफ परगण्यात, म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या बाजूला, जाताना होडीत बसण्याची गरज उरली नाही. या वेळेपर्यंत रेल्वे कंपन्यांच्या ध्यानात आले होते की गोल्फ खेळणारा हा उत्तम गिऱ्हाईक असतो : तो वरच्या वर्गाने प्रवास करतो, सामान भरपूर आणतो आणि मुक्काम करतो. तेव्हा असलेल्या मैदानांपर्यंत रूळ नेण्याऐवजी रुळांच्या टोकाला मैदान वसवण्याचा उद्योग सुरू झाला. ॲबरडीनच्या उत्तरेस ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड रेल्वेने १८९७ मध्ये क्रूडन बेपर्यंत फाटा टाकला, दोन वर्षांनी गुलाबी ग्रॅनाइटचे भव्य हॉटेल आणि मैदान सुरू केले, आणि स्थानकापासून हॉटेलपर्यंत विजेची ट्रामही चालवली. हिशेब मात्र जमला नाही. उत्तर समुद्रावरचा वारा झेलत सुट्टी घालवायला पुरेशी माणसे येईनात; १९३२ मध्ये प्रवासी गाडी बंद झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हॉटेल पाडण्यात आले. मैदान तेवढे राहिले, आणि आज तेथे जाणारा प्रत्येक जण रस्त्यानेच जातो. नाशिककरांना याचे नेमके उलटे उदाहरण घरातच आहे : त्यांच्या ‘गोल्फ क्लब मैदाना’वर क्रिकेट होते, सभा होतात, पण गोल्फ मात्र फक्त नावात राहिला.

टर्नबेरीला हाच डाव यशस्वी झाला. ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न रेल्वेने १९०६ च्या मे महिन्यात किनाऱ्याचा हलका लोहमार्ग आणि टेकडीवरचे हॉटेल एकाच वेळी खुले केले, तेही असे की गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला छताखालूनच हॉटेलात जाता यावे. दोन्ही महायुद्धांत ही जमीन विमानतळासाठी घेतली गेली. दुसऱ्या वेळी काँक्रीटच्या धावपट्ट्यांखाली जवळजवळ सारेच गाडले गेले, आणि मॅकेन्झी रॉस यांनी नव्याने घडवलेले मैदान १९५१ मध्ये सुरू झाले. म्हणजे ‘जुने’ म्हणून ज्याचे दर्शन घेतले जाते ते टर्नबेरी प्रत्यक्षात युद्धोत्तर काळातले आहे. ग्लेनइगल्स ही कॅलेडोनियन रेल्वेच्या डोनाल्ड मॅथेसन यांची कल्पना. गोल्फपटू जेम्स ब्रेडने आखलेली तिथली मैदाने १९१९ पासून वापरात आली, हॉटेल १९२४ मध्ये उघडले. समुद्रापासून दूर असल्याने ते लिंक्स नव्हेच, पण यादीतून त्याला कोणी वगळत नाही.

परदेशी प्रवाशांची वाट शिकागोच्या चार्ल्स मॅकडोनाल्डने घालून दिली. तो १८७२ मध्ये शिक्षणासाठी सेंट अँड्र्यूजला आजोबांकडे आला आणि ओल्ड टॉमच्या दुकानाभोवती वावरत हा खेळ शिकला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पुन्हा आला तो ब्रिटनमधल्या उत्तम होलांची मापे आणि रेखाटने घेण्यासाठी. लाँग आयलंडवरच्या त्याच्या मैदानात नॉर्थ बेरिकच्या ‘रेडॅन’ या होलची अमेरिकी आवृत्ती उभी राहिली. मुळातले ‘रेडॅन’ हे नावही क्रिमियन युद्धातल्या सेव्हास्टोपोलच्या बुरुजावरून आलेले. अमेरिकेत नक्कल पाहिलेल्या माणसाला मूळ पाहावेसे वाटणे स्वाभाविक होते. तरी मोठी लाट आली ती १९६० नंतर : त्या वर्षी अमेरिकी गोल्फपटू अर्नोल्ड पामर सेंट अँड्र्यूजच्या ओपनला आला, एका फटक्याने हरला, आणि पुढची दोन वर्षे लागोपाठ जिंकला. तेव्हा अटलांटिकपार विमाने प्रेस्टविकच्या विमानतळावर उतरत, म्हणजे पहिल्या ओपनच्या मैदानाजवळच.

याच दशकात रेल्वेची जागा रस्त्याने घेतली. फोर्थवरचा रस्तापूल १९६४ मध्ये आणि टे नदीवरचा १९६६ मध्ये खुला झाला. दुसरीकडे तोट्यातले फाटे एकेक करून बंद होत गेले आणि १९६९ मध्ये खुद्द सेंट अँड्र्यूजची गाडी थांबली. आज आगगाडीने जाणाऱ्याला ल्यूकर्सला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी धरावी लागते. गोल्फच्या राजधानीला स्थानक नसणे ही गोष्ट मला तरी अजून विचित्र वाटते.

हा सारा इतिहास एकाच ठिकाणी पाहायचा असेल तर डॉर्नॉकला जावे. जवळजवळ ५८ अंश अक्षांशावरच्या या गावात सतराव्या शतकात गोल्फ खेळला जात असे. क्लब १८७७ मधला, आणि १८८६ मध्ये ओल्ड टॉमने येऊन मैदानाची रचना केली. गावाला हलका लोहमार्ग मिळाला तो १९०२ मध्ये. तत्पूर्वीच, १८९९ मध्ये, गावचा सुतारकाम शिकलेला मुलगा डोनाल्ड रॉस अमेरिकेला निघून गेला होता. पाइनहर्स्टसह शेकडो मैदाने आखताना त्याने डॉर्नॉकच्या उंचवट्यावरच्या, कडांकडे उतरत जाणाऱ्या ग्रीन्सची (भोकाभोवतीच्या आखूड हिरवळींची) आठवण सोबत ठेवली, हे दोन्ही ठिकाणी खेळलेल्यांना सांगावे लागत नाही. हा लोहमार्ग १९६० मध्ये बंद पडला. चारच वर्षांनी हर्बर्ट वॉरन विंड या अमेरिकी लेखकाने ‘न्यूयॉर्कर’मध्ये या आडगावच्या मैदानावर दीर्घ लेख लिहिला, आणि गाडी नसलेल्या गावाकडे माणसांची रीघ लागली. त्या वेळी इन्व्हर्नेसहून येताना तीन खाड्यांना वळसे घालावे लागत. क्रोमार्टीच्या खाडीवर १९७९ मध्ये, केसॉकला १९८२ मध्ये आणि डॉर्नॉकच्या खाडीवर १९९१ मध्ये पूल झाले, आणि पूर्वी जेथे मुक्कामाला जावे लागे तेथे सकाळी निघून फेरी खेळून संध्याकाळी परतता येऊ लागले. जूनमध्ये तर रात्री दहालाही तेथे चेंडू दिसतो.

उत्तर किनाऱ्याचा ५१६ मैलांचा रस्ता २०१५ पासून ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावाने पर्यटकांपुढे ठेवला गेला, तेव्हा डॉर्नॉक, गॉल्स्पी आणि ब्रोरा आयतेच त्यावर आले. ब्रोराच्या मैदानावर अगदी अलीकडच्या काळातही मेंढ्या व गुरे चरत आणि ग्रीन्सभोवती विजेची बारीक तार असे. जुने लिंक्स कसे असेल याची कल्पना तेथे जितकी येते तितकी राखीव हिरवळीवर येत नाही. सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स १९७४ पासून एका न्यासाच्या ताब्यात आहे. रविवारी एरवी तेथे खेळ बंद असतो व गावकरी कुत्री घेऊन फिरतात, आणि खेळायच्या बऱ्याच जागा आदल्या दिवसांतल्या सोडतीने वाटल्या जातात.

त्याच ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलला ‘रोड होल’ म्हणतात, कारण ग्रीनच्या लगत मागे जुना रस्ता आहे आणि त्यावर गेलेला चेंडू तेथूनच मारावा लागतो. पण पहिला फटका मारताना खेळाडूसमोर येतात त्या शेड्स, ज्यांच्यावरून चेंडू आंधळेपणाने उडवावा लागतो. त्या रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या शेड्स होत्या. धक्का गेला, त्या जागी १९६८ मध्ये रेल्वेच्याच हॉटेल विभागाने हॉटेल उभारले, शेजारचे स्थानकप्रमुखाचे घर पुढे मद्यगृह झाले, आणि मूळ शेड्स पाडल्यावर त्याच आकाराच्या नव्या शेड्स बांधाव्या लागल्या, कारण त्यांच्याशिवाय त्या होलला अर्थच राहत नव्हता.