पाकिटावरचं नाव आणि पत्रातलं नाव

"मेल खोटा कसा असेल? वर कंपनीचं नाव होतं की!" फसवला गेलेला माणूस आधी हेच सांगतो, आणि त्यात त्याचा भोळेपणा काही नाही. फोनवर मेल उघडला की सर्वांत ठळक दिसतं ते पाठवणाऱ्याचं नाव. अडचण अशी की त्या जागी काय लिहायचं ते पाठवणाराच ठरवतो. तिथे शॉपिंग कंपनीचं नाव टाकता येतं, बँकेचं टाकता येतं, 'भारत सरकार' असंही टाकता येतं. हे ठळक नाव खरं की खोटं, हे तपासण्याची सोय ईमेलच्या मूळ रचनेत नाही.

सोलापुरात हा प्रश्न आता फक्त संगणकवाल्यांचा राहिलेला नाही. नव्या पेठेतला दुकानदार घ्या, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखानदार घ्या, शाळेचे गणवेश शिवून देणारा घ्या किंवा घरून शेंगा चटणीच्या ऑर्डर घेणारी गृहिणी घ्या. माल विकायला एखादी मोठी ऑनलाइन कंपनी, पैसे घ्यायला पेमेंट गेटवे, पाठवणीला कुरिअर आणि स्वतःची वेबसाइट असली तर होस्टिंगवाला. एवढ्या सगळ्यांचे खरे मेल सतत येत असतात, आणि खोटा मेल त्याच गर्दीत घुसतो. 'आपलं सेलर अकाउंट २४ तासांत बंद होईल, जीएसटी क्रमांकाची पुन्हा पडताळणी करा.' 'पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकलं आहे, २५ रुपये भरा.' 'आपलं पेमेंट रोखून ठेवलं आहे.' घाई आणि लिंक, या दोन गोष्टी बहुतेक सगळ्यांत असतात.

शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की मेल खोटा, हा सल्ला जुना झाला. आता यंत्राकडून कोणत्याही भाषेत स्वच्छ मजकूर लिहून मिळतो, मराठीतही. लोगो तर खऱ्या मेलमधूनच उचललेला असतो. म्हणून भाषा आणि सजावट बाजूला ठेवून मेल कुठून आला ते पाहावं लागतं, आणि त्यासाठी मेलचा प्रवास समजून घ्यावा लागतो.

एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे मेल पोचवण्याचे नियम एसएमटीपी या नावाने ओळखले जातात. जॉन पोस्टेल यांनी ते ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा जाळ्यावर काही शेकडो यंत्रं होती आणि ती चालवणारे बहुतेक एकमेकांना ठाऊक होते, त्यामुळे पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची गरज कोणाला वाटली नाही. पाठवणारा सर्व्हर आधी आपलं नाव सांगतो. मग 'मेल फ्रॉम' म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता देतो, 'आरसीपीटी टू' म्हणून घेणाऱ्याचा, आणि 'डेटा' म्हणून सगळा मजकूर ओततो. पहिले दोन पत्ते म्हणजे टपालाचं पाकीट आणि 'डेटा' म्हणजे आतलं पत्र. आतल्या पत्रातही 'फ्रॉम' अशी एक ओळ असते, आणि तुमच्या पडद्यावर दिसते ती हीच. पाकिटावर एक पत्ता आणि पत्रात दुसरा, असं चालतं. एसएमटीपीच्या दृष्टीने त्यात काही बेकायदा नाही. बरं, सर्व्हर पत्र तुमच्या हाती देताना पाकीट फेकून देतो. फार तर त्यावरचा परतीचा पत्ता 'रिटर्न-पाथ' नावाच्या ओळीत टिपून ठेवतो, आणि ती ओळ सहसा कोणी पाहत नाही.

ही भगदाडं बुजवण्यासाठी मागाहून तीन ठिगळं लावली गेली.

पहिलं एसपीएफ. कंपनी आपल्या डोमेनच्या (पत्त्यातल्या 'ॲट'नंतरच्या नावाच्या) डीएनएस नोंदीत, म्हणजे इंटरनेटच्या जाहीर पत्तेवहीत, सांगते की आमच्या नावाचं टपाल फक्त या या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे यंत्रांच्या क्रमांकांवरून, निघेल. घेणारा सर्व्हर आलेला पत्ता त्या यादीशी ताडून पाहतो. पण एसपीएफ पाकीट तपासतं, पत्र नाही. शिवाय कोणी तो मेल आपोआप पुढे पाठवण्याची सोय लावली असेल, तर मधल्या सर्व्हरचा पत्ता यादीत नसतो आणि खरा मेलही नापास होतो.

दुसरं डीकेआयएम, आणि तिघांत सर्वांत देखणं हेच. पाठवणारा सर्व्हर मेलच्या मजकुराचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे गणिताने मिळणारा ठसा, काढतो. मजकूर दोन ओळींचा असो की दोनशे, हॅश २५६ बिटांचाच भरतो, आणि एक स्वल्पविराम हलला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो. हा हॅश सहीच्या हेडरमध्ये, म्हणजे पत्राच्या माथ्यावरच्या माहितीच्या एका ओळीत, लिहिला जातो. मग तो हेडर आणि 'फ्रॉम', 'सब्जेक्ट' यांसारखे निवडक हेडर एकत्र घेऊन त्यांवर कंपनीच्या खासगी किल्लीने सही होते. तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये उघडी ठेवलेली असते. घेणारा सर्व्हर ती आणतो, सही पडताळतो, मजकुराचा हॅश स्वतः पुन्हा काढतो. दोन्ही जुळलं तर दोन गोष्टी सिद्ध होतात. सही त्या डोमेनच्या किल्लीनेच झाली आहे, आणि सही झालेल्या भागाला वाटेत कोणी हात लावलेला नाही. सार्वजनिक किल्ली सगळ्यांसमोर असूनही तिच्यावरून खासगी किल्ली काढता येत नाही. नेहमीच्या २०४८ बिटी आरएसए किल्लीसाठी ६१७ अंकी संख्येचे दोन मूळ अवयव शोधावे लागतील. शाळेत आपण ९१ चे अवयव ७ आणि १३ असे पाडतो, गणित तेच. फक्त ६१७ अंकांवर ते करण्याची व्यवहारात जमेल अशी रीत आज कोणाच्या हाती नाही.

पण डीकेआयएमलाही एक खिंड आहे. फसवणारा स्वतःचं डोमेन घेऊन त्याच्या किल्लीने अगदी खरी सही करू शकतो, आणि पत्रातल्या 'फ्रॉम'मध्ये दुसऱ्याच कंपनीचा पत्ता लिहू शकतो. सही बरोबर, नाव भलतंच. तिसरं ठिगळ, डीमार्क, नेमकं इथे बसतं. ते विचारतं की एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी जे पास झालं, त्यातलं डोमेन वाचकाला दिसणाऱ्या 'फ्रॉम'च्या डोमेनशी जुळतं का? जुळत नसेल तर काय करायचं तेही कंपनीच डीएनएसमध्ये सांगून ठेवते: 'नन' म्हणजे नुसती नोंद घ्या, 'क्वारंटाइन' म्हणजे स्पॅममध्ये टाका, 'रिजेक्ट' म्हणजे दारातूनच परत पाठवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना गुगलने एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या.

परदेशी ग्राहकांना स्वतःच्या डोमेनवरून बिलं पाठवणाऱ्या सोलापूरच्या निर्यातदारांनी हे आपल्याही घरी तपासावं. तुमच्या डोमेनला डीमार्क नसेल, तर 'आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे नव्या खात्यात भरा' असा मेल तुमच्या नावाने तुमच्या ग्राहकाला पाठवणं कोणालाही सोपं जातं. सुरुवात 'नन'ने करा, घेणाऱ्या सर्व्हरकडून येणारे अहवाल काही आठवडे वाचा, आपल्याच बिलिंग सॉफ्टवेअरचे मेल नापास होत असतील तर ते दुरुस्त करा आणि मगच 'रिजेक्ट'कडे जा. एकदम 'रिजेक्ट' लावलं तर स्वतःचीच बिलं परत येतात. एसपीएफच्या नोंदीत दहापेक्षा जास्त डीएनएस शोध लागले तर ती नोंदच बाद धरली जाते. होस्टिंग, मेल आणि जाहिरातीचे मेल पाठवणारी सेवा असं एकेक जोडत गेलं की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

आलेल्या मेलचा निकाल पाहायचा तर संगणकावर जीमेलमध्ये तो उघडा, उत्तराच्या बाणाशेजारचे तीन ठिपके दाबा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यापुढे पास किंवा फेल दिसतं, आणि कोणत्या डोमेनसाठी तेही दिसतं. जीमेलच्या फोन ॲपमध्ये हा तक्ता मिळत नाही. तिथे पाठवणाऱ्याच्या नावाखालचं 'टू मी' दाबून 'व्ह्यू डिटेल्स' उघडलं, तर निदान पूर्ण पत्ता दिसतो.

तक्त्यात फेल दिसलं तर सावध व्हा. पास दिसलं तरी मेल प्रामाणिक आहे असं धरू नका. पास म्हणजे मेल त्या डोमेनवरून आला, एवढंच. फसवणाऱ्याने मिळतंजुळतं डोमेन विकत घेतलं असेल तर तिन्ही पास होतात. म्हणून शेवटी डोमेन वाचता यावंच लागतं, आणि ते उजवीकडून वाचायचं असतं. लिंकवर संगणकात माउस नेऊन ठेवा किंवा फोनवर बोट दाबून धरा, खरा पत्ता दिसेल. त्यातल्या सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतरचा भाग, पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत घ्या. त्याच्या उजव्या टोकाचे, टिंबाने तोडलेले दोन तुकडे म्हणजे मालक. 'को डॉट इन', 'गव्ह डॉट इन' अशी शेपटी असेल तर तीन तुकडे. 'अमुक डॉट कॉम डॉट रिफंड-सेवा डॉट टॉप' याचा मालक अमुक कंपनी नाही, 'रिफंड-सेवा डॉट टॉप' आहे. 'अमुक-रिफंड डॉट कॉम' हेही वेगळंच डोमेन, कारण जोडरेघ म्हणजे टिंब नव्हे. त्या भागात 'ॲट'चं चिन्ह असेल तर त्याच्या डावीकडचं सगळं ब्राउझरच्या लेखी नुसतं नाव असतं आणि तो उजवीकडच्या पत्त्यावर जातो. डोळ्यांनी पकडता न येणारी युक्तीही आहे. एप्रिल २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं वापरून हुबेहूब ॲपल कंपनीसारखं दिसणारं डोमेन नोंदवून दाखवलं, त्यानंतर क्रोमने दुरुस्ती केली. बँकांपुरतं काम थोडं सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव शेपटीवर यायला सांगितलं होतं, आणि ती शेपटी बँकांखेरीज कोणाला मिळत नाही.

कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. कुलूप म्हणजे तुम्ही आणि समोरची साइट यांच्यातला संवाद सांकेतिक आहे, समोर चोर असला तरी. असं प्रमाणपत्र कोणत्याही डोमेनला काही मिनिटांत फुकट मिळतं. याच गैरसमजामुळे क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप काढून टाकलं.

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो: 'अमुक नावाचा मेल नुसता उघडला तरी बँक खातं रिकामं होतं, दहा जणांना पाठवा.' हा अंगारा-धुपाऱ्यासारखाच प्रकार आहे. नेहमीच्या, अद्ययावत मेल ॲपमध्ये मेल वाचल्याने पैसे जात नाहीत. चित्रं उतरली तर पाठवणाऱ्याला मेल उघडल्याचं कळू शकतं, इतकंच. पैसे जातात ते खोट्या पानावर पासवर्ड किंवा ओटीपी भरल्याने, जोडलेली एपीके फाइल (अँड्रॉइड ॲपची फाइल) बसवल्याने किंवा यूपीआय पिन टाकल्याने. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. अशा अफवांनी माणूस भलत्याच गोष्टीला भितो आणि खऱ्या ठिकाणी बेसावध राहतो. 'आमचं ॲप टाका, १०० टक्के फिशिंगमुक्त व्हा' ही जाहिरातही त्याच माळेतली (फिशिंग म्हणजे अशा खोट्या मेलने फसवणं).

भरवशाचा उपाय साधा आहे. मेलमधल्या लिंकवरून जायचं नाही. कंपनीचं ॲप स्वतः उघडायचं किंवा पत्ता स्वतः टाइप करायचा. सेलर अकाउंट खरंच बंद होणार असेल तर ती सूचना तुमच्या डॅशबोर्डवरही असते. दुसरी सवय पासवर्ड मॅनेजरची. तो डोमेन अक्षरन् अक्षर ताडतो, त्यामुळे खोट्या पानावर आपोआप पासवर्ड भरत नाही. एरवी भरणारा मॅनेजर आज गप्प आहे, तर तिथेच थांबा. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात ठेवलेली किल्ली, त्याहून पक्की. ती डोमेनला बांधलेली असते, म्हणून खोट्या पानावर देता येतच नाही. ओटीपीचं तसं नाही, तो तुम्ही कुठेही टाइप करू शकता आणि पलीकडचा माणूस त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरू शकतो.

तक्रार देताना सर्रास होणारी चूक म्हणजे स्क्रीनशॉट पाठवणं. स्क्रीनशॉटमध्ये फक्त पत्र असतं. पाकिटाची उरलेली निशाणी, म्हणजे हेडर, त्यात नसतेच. साधा फॉरवर्ड केला तरी मूळ हेडर गळून पडतात आणि तुमचे लागतात. जीमेलमध्ये मेलच्या वरच्या पट्टीतल्या तीन ठिपक्यांत 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' आहे, ते वापरा, किंवा उत्तराच्या बाणाशेजारच्या ठिपक्यांतल्या 'डाउनलोड मेसेज'ने फाइल उतरवून ठेवा. आधी 'रिपोर्ट फिशिंग' दाबा. 'रिपोर्ट स्पॅम' वेगळं, ते नकोशा जाहिरातींसाठी. मग ज्या कंपनीचं नाव वापरलं तिच्या अधिकृत साइटवर फसवे मेल कळवण्याचा पत्ता शोधून तिथे पाठवा. देशाची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन अशा तक्रारी 'इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन' या पत्त्यावर घेते. खोट्या पानाचा पत्ता गुगल सेफ ब्राउझिंगला कळवला आणि तो यादीत गेला, तर क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्ही ब्राउझर पुढच्या माणसाला लाल इशारा दाखवतात.

पैसे गेले असतील तर क्रम बदलतो. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवणं, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवायचे असतात. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपला खाते क्रमांक हाताशी ठेवा, तक्रारीचा पावती क्रमांक घ्या आणि 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर तक्रार पूर्ण करा. शहर आयुक्तालयाची हद्द की सोलापूर ग्रामीणची, या चौकशीत वेळ घालवू नका, १९३० ला हद्द नाही. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लेखी घ्या.

पासवर्ड दिला गेला असेल तर तो बदलून, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करून भागत नाही. मेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग उघडून पाहा. बँकेचे मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा किंवा अनोळखी पत्त्यावर पाठवणारा नियम तिथे लावून ठेवलेला असू शकतो, आणि पासवर्ड बदलल्यावरही तो चालूच राहतो. खातं परत मिळवण्यासाठी नोंदवलेला मोबाइल नंबर आणि दुसरा ईमेल आपलाच आहे का, तेही त्याच वेळी पाहा.